लिहून देणार

मराठी खरेदीखताच्या पहिल्या पानावर विकणाऱ्याला 'विक्रेता' म्हणत नाहीत. वर 'लिहून घेणार' म्हणून घर घेणाऱ्याचे नाव, वय, धंदा, राहणार कुठला ते. त्याखाली 'लिहून देणार' म्हणून विकणाऱ्याचे. मग 'कारणे खरेदीखत लिहून देतो की' अशी सुरुवात होते आणि पुढचा सगळा मजकूर विकणाऱ्याच्या तोंडून येतो. ही मिळकत माझी आहे. ती मला अमुक साली, अमुक मार्गाने मिळाली. तिच्यावर कोणाचा बोजा नाही. तिच्याबद्दल कोर्टात वाद चालू नाही. आज पैसे पोचले, ताबा दिला. पानामागून पान विकणारा सांगतो आहे आणि घेणारा ऐकतो आहे. घर विकताना विकणाऱ्याने काय काय उघड केले पाहिजे, कोणते कागद पुढे ठेवले पाहिजेत, याच्या आज याद्या निघतात. त्या याद्यांतली जबाबदारी मराठी दस्तलेखकांनी 'लिहून देणार' या दोन शब्दांत फार पूर्वीच बसवून ठेवली आहे.

लिहून देणे हे आपल्याकडे नुसते लिहिणे नव्हे. 'लिहून देतो, उद्या पाऊस येणार' असे म्हणणारा कागद-पेन शोधत नसतो, तो खात्री देत असतो. समोरच्याचा विश्वास बसला नाही की 'स्टँपपेपरवर लिहून देऊ का?' हे ठरलेलेच. बोललेले फिरवता येते, लिहून दिलेले गळ्याशी येते, ही जाण त्या क्रियापदातच आहे. 'देणे' आहे म्हणून घेणारा आहे, आणि घेणाऱ्याच्या हाती पुरावा आहे.

कायद्याची भाषाही याच वळणाची आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याचे कलम ५५ विकणारा आणि घेणारा यांची कर्तव्ये सांगते. दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर विकणाऱ्यावर पहिलेच बंधन असे की, मिळकतीत किंवा आपल्या मालकीत असलेला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्याजोगा नाही, तो त्याने स्वतःहून सांगायचा. दुसरे, मागितल्यावर मालकीचे सर्व कागद तपासायला द्यायचे. तिसरे, घेणाऱ्याने मिळकतीबद्दल आणि मालकीबद्दल विचारलेल्या संबंधित प्रश्नांना आपल्याला असलेल्या माहितीनुसार उत्तरे द्यायची. दोष सांगायचे टाळले तर कायदा त्याला चूक म्हणत नाही, कपट म्हणतो. घर घेणाऱ्या माणसाने हे कलम एकदा वाचावे असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे प्रश्न विचारणारा खरेदीदार संशयी ठरतो. 'एवढा विश्वास नसेल तर राहू द्या' असे विकणारा म्हणाला की तो गप्प बसतो. विचारणे हा त्याचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे समोरच्याचे काम आहे.

मग गाडी अडते कुठे? माझ्या मते शब्दांपाशी. खरेदीखतातले, सातबाऱ्यातले, जाहीर नोटिशीतले शब्द इतके झिजून गुळगुळीत झाले आहेत की त्यांतून काय सांगितले जाते आहे ते सही करणाऱ्याला ऐकूच येत नाही. ते शब्द थोडे खरवडून पाहिले की काय विचारायचे ते आपोआप सुचते.

'खरेदीखत' हाच शब्द घ्या. यातली खरेदी फारसी 'खरीदन' म्हणजे विकत घेणे या क्रियापदाची. खत मूळचे अरबी, अर्थ रेघ. रेघेवरून अक्षर, अक्षरावरून लिखाण, पत्र, दस्त. शेतात घालायच्या खताशी त्याचा संबंध नाही. आता गंमत अशी की, लिहून देतो विकणारा आणि कागदाचे नाव पडते घेणाऱ्याच्या कृतीवरून. हिंदीत याच कागदाला 'बैनामा' किंवा 'विक्रय पत्र' म्हणतात, म्हणजे नाव विकण्यावरून. गुजरातीतही 'वेचाण दस्तावेज'. कानडीत मात्र 'क्रयपत्र', म्हणजे आपल्यासारखेच घेण्यावरून. ही घेण्यावरून नाव ठेवायची चाल जुनी आहे. बृहस्पतिस्मृतीत लेख्यांचे जे प्रकार दिले आहेत त्यांत दानलेख्याशेजारी 'क्रयलेख्य' आहे. घर, शेत विकत घेऊन किंमत नमूद करून करवून घेतलेला लेख तो क्रयलेख्य. कागदाची गरज कोणाला, तर घेणाऱ्याला, म्हणून नाव त्याचे. काही जुन्या दस्तांत 'फरोक्त खरेदीखत' असाही प्रयोग भेटतो. फरोक्त म्हणजे फारसीत विकलेले. त्या एका नावात देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी उभे आहेत.

खरेदीखताच्या आधीची पायरी 'साठेखत'. या शब्दातल्या 'साठे'ने अनेकांना चकवले आहे. साठा करण्याशी त्याचे काही नाते नाही. मूळ शब्द 'साटे'. प्राकृतात 'सट्ट' म्हणजे अदलाबदल, मोबदला. त्यावरून आपले साटे, आणि एका घरची मुलगी देऊन दुसऱ्या घरची करायची ते साटेलोटे. जुन्या मराठीत 'साटी' म्हणजे मोबदल्यात. गुजरातीत आजही 'साटाखत'च म्हणतात. तिथे ट शाबूत राहिला, आपल्याकडे त्याचा ठ झाला आणि अर्थाचा धागा तुटला. साटेखत म्हणजे देवाणघेवाण ठरल्याचा कागद. तुम्ही इतके द्याल, मग मी घर देईन. देवाणघेवाण झाल्याचा तो कागद नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ हेच सांगते: विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. 'साठेखत झाले, आता घर आपलेच' असे म्हणत कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे थांबून राहतात आणि मधल्या काळात विकणारा वारतो, वारसांची मने फिरतात. शब्दातला ट जागेवर राहिला असता तर निदान तो कागद कशाचा हे कानाला कळले असते.

साठेखताच्या वेळी देतात तो इसार किंवा बयाणा. बयाणा हा अरबी 'बै' म्हणजे विक्री या शब्दाला फारसी प्रत्यय लागून झालेला. हिंदीतल्या बैनाम्यातही तीच बै. बांधकाम व्यावसायिकाकडून नवे घर घेताना किती रक्कम आधी द्यायची यावर कायद्याने मर्यादा घातली आहे. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्‌स कायद्यात, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातल्या 'मोफा'त, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही असे होते; २०१६ च्या 'रेरा'ने ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. मोफाने प्रवर्तकावर, म्हणजे बांधकाम व्यावसायिकावर, जमिनीवरच्या आपल्या हक्काचे संपूर्ण आणि खरे स्वरूप उघड करण्याचे बंधनही घातले होते. १९६३ साली मुंबईत मालकी हक्काच्या सदनिकांची नवी घाई चालू होती. जमीन कोणाची हे न सांगता मजले विकले जात होते, त्या अनुभवातून हे कलम आले.

एवढ्यात 'दस्तऐवज' हा शब्द राहून जायला नको. फारसीत तो 'दस्त-आवेज', म्हणजे हाताला धरून ठेवायची गोष्ट, आधार. हिंदी-गुजरातीने तो दस्तावेज म्हणून जवळजवळ तसाच ठेवला. मराठीने त्यात आपल्या ओळखीचा 'ऐवज' ऐकला. ऐवज मूळचा अरबी, बदला किंवा मोबदला या अर्थाचा. 'ऐवजी' मध्ये तो अर्थ टिकला, आणि नुसत्या ऐवजाला मराठीत पैसाअडका, चीजवस्तू असा अर्थ आला. 'चोरांनी दोन लाखांचा ऐवज लांबवला' ही बातमीची भाषा सगळ्यांच्या परिचयाची. तर हाती धरायचा कागद मराठी माणसाने ऐवज करून टाकला. लोहाराच्या, सुताराच्या, कुणब्याच्या घरी पितळी डब्यात दागिन्यांशेजारी कागद ठेवलेले असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या बदलाचे नवल वाटणार नाही. 'मालमत्ता'ही अशीच. श्रीमत्ता, बुद्धिमत्ता यांच्या रांगेत ती संस्कृत वाटते, पण आहे अरबी 'माल' आणि 'मताअ' यांची जोडी. दोन्हींचा अर्थ चीजवस्तू. शेजारची 'मिळकत' मात्र घरचीच, मिळणे या क्रियापदाची. खरेदीखतात 'सदरहू मिळकत' म्हणताना 'ही मला कशी मिळाली' हा प्रश्न त्या नावातच आहे: वारसाने, वाटपाने, खरेदीने, बक्षिसाने, मृत्युपत्राने? प्रत्येक उत्तराचा कागद वेगळा, आणि तो कागद मागायचा.

आता ज्या शब्दांवर सगळा व्यवहार तोलला जातो तिथे जरा थांबतो. दस्तात हमखास वाक्य असते की, सदर मिळकत निर्वेध, निजोखमी आणि बोजारहित आहे. सही करणारे दोघेही हे वाक्य शुभकार्यातल्या मंत्रासारखे ऐकतात. पण 'निर्वेध' फार नेमका शब्द आहे. वेध म्हणजे टोचणे, भेदणे. मण्याला पाडलेले भोक. ग्रहणाच्या आधी पाळतात ते वेध, कारण येऊ घातलेल्या सावलीने ग्रासण्यापूर्वीच सूर्य-चंद्राला गाठलेले असते. निर्वेध म्हणजे जिला असे कुठूनही काही भिडलेले नाही अशी मिळकत. आणि 'गहाण' कुठला? संस्कृत 'ग्रहण' प्राकृतात 'गहण' झाले, त्याचे आपले गहाण. ग्रहण म्हणजे धरणे, पकडणे. आकाशातले ग्रहण आणि सावकाराकडचे गहाण एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. एक जसेच्या तसे राहिले, दुसरे बोलून बोलून मऊ झाले. गहाण पडलेले घर निर्वेध नसते हे कायद्याने सांगायच्या आधी मराठीने सांगून ठेवले आहे. ताबा न देता नुसते तारण ठेवलेले असेल तर त्याला 'नजरगहाण' म्हणतात. घर तुमच्याच वापरात, पण सावकाराची नजर त्यावर. घर पाहायला गेलेल्याला नजरगहाण दिसत नाही. घरधनी चहा देतो, खोल्या दाखवतो, वास्तू प्रसन्न असते. म्हणूनच ते तोंडाने आणि कागदाने सांगावे लागते.

'बोजा' वाहणे या अर्थाच्या 'वह्' धातूच्या घरातला. महसुली बोलीत तो अजून खराखुरा ओझ्यासारखा वागतो: बोजा चढवतात आणि उतरवतात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. तिथे बँकेचा, विकास सोसायटीचा बोजा चढलेला दिसतो. काही जुन्या उताऱ्यांवर तगाईचा बोजाही असतो. तगाई अरबी 'तकावी'वरून आली, तिचा अर्थ बळ देणे; दुष्काळात बी-बैलांसाठी सरकार देई ते कर्ज. आजोबांनी ते फेडलेलेही असते, पण बोजा आपोआप उतरत नाही. फेडल्याचा दाखला नेऊन नोंद करवावी लागते, त्याचा फेरफार मंजूर व्हावा लागतो. त्या दाखल्याला गावाकडे 'बेबाकी दाखला' म्हणतात: बे-बाकी, काही बाकी नाही असा. 'सातबारा कोरा करा' ही घोषणा सभांमधून आपण ऐकतो. तिच्यात कोरा व्हायचा आहे तो हाच रकाना. मालकाचे नाव तिथेच राहायचे आहे.

सातबारा हा शब्द तर मराठीची स्वतःची निर्मिती. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर आले आणि दोन आकड्यांचे एक नाम झाले. पुढे तो मालकीचाच पर्याय बनला. 'या रस्त्याचा सातबारा काय तुझ्या नावावर आहे?' असे शहरातही भांडणात म्हणतात. पण तो मूळचा महसुलाचा कागद. सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी केलेला. त्यावरच्या फेरफार नोंदीने मालकी जन्माला येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. सातबारा पाहावाच, पण नीट वाचावा, कारण त्यावर इवलीशी अक्षरे फार मोठे सांगून जातात.

समजा नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे आहे. त्याचा विस्तार 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. म्हणजे नाव एकाचे लागले तरी ते कुटुंबाच्या वतीने. भाऊ-बहिणींचे हक्क त्या तीन अक्षरांमागे उभे आहेत. 'अ.पा.क.' असेल तर 'अज्ञान पालनकर्ता'. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा. सज्ञान म्हणजे वयात आलेला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत आई-बापालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. विकलीच तर ते मूल सज्ञान झाल्यावर विक्री रद्द करून मागू शकते. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सरकारने अटींवर दिलेली जमीन, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतर नाही. 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी ओळ असेल तर ती जमीन १९४८ च्या कुळकायद्याखाली कुळाला मिळालेली, तिच्या विक्रीवरही बंधन. कंसात टाकलेली नावे म्हणजे कमी केलेली. ती कुठल्या फेरफाराने कमी झाली ते त्या क्रमांकाचा उतारा काढून पाहायचे. मेलेल्यांची नावे उताऱ्यावर तशीच राहिलेली इतकी होती की २०२५ साली सरकारने राज्यभर मोहीम घेतली आणि तिचे नाव ठेवले 'जिवंत सातबारा'. हे नाव ज्याला सुचले त्याला मराठीची नाडी सापडली होती.

आकड्यांची नावे इथेच संपत नाहीत. 'इंडेक्स टू काढला का?' हा प्रश्न आज पुण्या-मुंबईत घर घेणारा प्रत्येकजण ऐकतो. नोंदणी अधिनियम १९०८ खाली निबंधक कार्यालयात सूच्या ठेवाव्या लागतात; पहिली माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची. त्या दुसऱ्या सूचीतला उतारा म्हणजे आपला इंडेक्स टू. तो मुळात पुस्तकामागच्या सूचीसारखा आहे: अमुक दस्त अमुक क्रमांकाने नोंदला गेला एवढे सांगणारा. दस्त वाचायचा तो वेगळाच. गावठाणात 'आठचा उतारा' पुढे करतात. त्यातही दोन आठ आहेत. तलाठ्याकडचा 'आठ अ' हा शेतजमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' हा घरपट्टी बसवण्यासाठी केलेल्या आकारणीचा. घरपट्टी कोण भरतो हे नमुना आठवरून कळते. घराचा मालक कोण याचा तो पुरावा नव्हे, आणि कित्येक व्यवहार एवढ्याच कागदावर उरकले जातात.

या सगळ्या कागदांतून वकील जो 'सर्च' घेतो त्याचे मराठी 'शोध'. बहुधा मागच्या तीस वर्षांच्या नोंदी पाहून तो शोध अहवाल देतो. शोध 'शुध्' धातूचा; शुद्ध त्याच कुळातला. शोधणे म्हणजे आधी स्वच्छ करणे, निवडणे, पाखडणे. हरवलेले धुंडाळणे हा अर्थ पुढचा. वकिलाचे काम या पहिल्या अर्थाचे आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदताना सही तुमचीच ना, दस्त कबूल ना, एवढे विचारतात. मालकी खरी की खोटी हे तिथे तपासले जात नाही. 'रजिस्टर झाले म्हणजे पक्के झाले' ही समजूत त्यामुळे धोक्याची आहे.

मग वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग मिळकतीचे वर्णन, आणि पुढे एका दमात म्हटलेली यादी: सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, बक्षीस, लीन, वारसा, पोटगी, कूळ, वहिवाट वा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क किंवा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. ही यादी म्हणजे घरावर कोणाकोणाचे काय काय असू शकते याचा मराठीतला नेमका नकाशा आहे. पोटगी आहे, कारण विधवेचा, परित्यक्तेचा चरितार्थ त्या घरावर अवलंबून असू शकतो. वहिवाट आहे, कारण शेजाऱ्याची विहिरीकडे जायची वाट त्या अंगणातून असू शकते. वहिवाट शब्दात वाटच आहे. वाहती, चालती राहिलेली वाट. चौदा दिवस गप्प राहिल्याने मात्र कोणाचा हक्क कायद्याने मरत नाही. नोटीस दिल्याने घेणाऱ्याचा प्रामाणिकपणा दिसतो, इतकाच तिचा उपयोग. जुन्या काळी वतनाची खरेदी गावच्या गोतापुढे होई आणि त्याचा 'महजर' होई. हजर, हजेरी, हुजूर यांच्याच धातूचा हा शब्द. लोकांच्या हजेरीत झालेला कागद. त्यावर पाटील सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. ज्यांची हरकत असू शकते ते सगळे तिथे बसलेले असत. आज ते लोक कोपऱ्यातल्या बारीक टायपातली नोटीस वाचतीलच असे नाही.

'हरकत' अरबीत म्हणजे हालचाल. गवयाच्या गळ्यातली हरकत हा मूळ अर्थ सांभाळून आहे. हिंदीत ती वागणूक झाली, बहुधा वाईट. मराठीत आडकाठी झाली. सहकारी सोसायटीत जुनी सदनिका विकताना 'ना हरकत'साठी लोक महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत म्हटले आहे की भाग आणि हितसंबंध हस्तांतरित करायला सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही; विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ते हवे असेल तर मागावे आणि समितीने त्यावर निर्णय द्यावा. बँक ते मागते म्हणून लागते, हे वेगळे. विकणाऱ्याने दाखवायचा कागद आहे भागप्रमाणपत्र, आणि मूळ करारांची सगळी साखळी, पहिल्या घेणाऱ्यापासून आपल्यापर्यंत. मधली एक कडी जरी 'मूळ प्रत हरवली आहे' या उत्तराने झाकली असेल तर तिथे थांबून विचारायचे: हरवली, की कुठल्या बँकेत तारण म्हणून पडली आहे?

दस्ताच्या शेवटच्या पानांवर परिशिष्ट येते, त्यात चतुःसीमा. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस काय ते. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाचे 'आघाट', म्हणजे चारी सीमा, अशाच एकेक दिशेने सांगितलेले असतात. बाराशे वर्षांची ही रीत मोडलेली नाही. पण दस्तलेखक बहुधा चतुःसीमा मागच्या दस्तातून उतरवून घेतात, मागच्याने त्याच्या मागच्यातून. पूर्वेला ज्याचे घर लिहिले तो पन्नास वर्षांपूर्वी वारलेला असतो आणि तिथून आता रस्ता गेलेला असतो. मोजणीचा नकाशा, त्याला 'क प्रत' म्हणतात, हातात घेऊन जागेवर चारी बाजूंनी फिरून यावे. चतुःसीमेनंतर 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' असे लिहिण्याची परंपरा आहे. वतनी सनदांमधून हे शब्द खाजगी खरेदीखतात उतरले. ऐकायला भरघोस आहेत, पण निधी-निक्षेप म्हणजे पुरलेले धन. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे असे धन सापडले तर ते कलेक्टरला कळवावे लागते. पाषाणाखालच्या खनिजांवर सामान्यतः सरकारचा हक्क असतो. राजाने दिलेल्या दानात शोभणारे हे शब्द साध्या मालकाच्या तोंडी त्याच्याकडे नसलेले विकू पाहतात. घेणाऱ्याने लक्ष द्यायचे ते जलाकडे: विहीर सामाईक आहे का, पाळी कोणाची, पंपाची वीज कोणाच्या नावावर.

आणि एक वाक्य, जे वाचताना बहुतेकांची नजर सहीच्या जागेकडे गेलेली असते: 'सदर मिळकतीबाबत कोणाची हरकत निघाल्यास तिचे निवारण आम्ही पदरखर्चाने करून देऊ, तुम्हांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही.' तोशीस अरबी 'तश्वीश'वरून आली. तिकडे तिचा अर्थ गोंधळ, घोर, काळजी. मराठीने त्यात पैशाची झळ मिसळली. दोन्ही अर्थ इथे हवे आहेत, कारण मालकीत दोष निघाला की आधी झोप जाते आणि मग पैसे. जुन्या घराच्या खरेदीत ही हमी विकणाऱ्या माणसाच्या शब्दावर आणि ऐपतीवर उभी असते. म्हणून त्या वाक्यात त्याच्या वारसांचेही नाव घालून घ्यावे, आणि नुकसानभरपाई कशी, किती, हे मोघम ठेवू नये. नव्या इमारतीत रेराच्या कलम १८ ने प्रवर्तकावर हे ओझे सरळ टाकले आहे: जमिनीच्या मालकीत दोष निघून घर घेणाऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई प्रवर्तकाने द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. वीस वर्षांनी दोष निघाला तरी दावा करता येतो.